सुतकाच्या दारातली रांगोळी

मी रांगोळीचा डबा बोलतोय. मसाल्याचा नाही, हे आधीच सांगून टाकतो. माझ्या पोटात सात वाट्या आहेत आणि वर कडीचं झाकण आहे, म्हणून घरात येणारा प्रत्येक पाहुणा मला एकदा तरी हळद-तिखटाचा समजतो आणि त्याचा मला मनस्वी राग येतो. हळदीनं काय होतं, तर भाजी पिवळी होते. माझ्यातल्या पिवळ्यानं आख्खी गल्ली उजळायची.

जन्म माझा बुऱ्हाणपूरचा. त्याआधी मी गोडेतेलाचा पंधरा किलोचा डबा होतो, पण त्या जन्मातलं मला फारसं आठवत नाही. एका कारागिरानं मला कापलं, ठोकलं, कडा दुमडल्या आणि आत वाट्या बसवल्या. काम सांगणारे होते माझ्या मालकीणबाईंचे, म्हणजे मालूबाईंचे यजमान, कडूभाऊ. नाव कडू, माणूस मात्र गुळाचा खडा.

"एवढा मोठा मसाल्याचा डबा? घरी खानावळ आहे का?" कारागिरानं विचारलं.

"बायकोले रंग ठेवायले पाहिजे," कडूभाऊ म्हणाले. "पुड्यांमधून सांडून राह्यले तिचे."

कडूभाऊ सूत रंगवायच्या कारखान्यात कामाला होते. कढईच्या तळाशी उरलेलं रंगाचं पाणी ते बाटलीत भरून आणायचे. मालूबाई त्यात पांढरी रांगोळी भिजवायच्या आणि सावलीत वाळवायच्या. त्यामुळे माझ्या पोटात असे रंग होते की जे बाजारात मागितले तर दुकानदार तुमच्या तोंडाकडे बघत राहील. त्यातल्या जांभळ्याचा तर मला गर्वच होता आणि अजूनही आहे.

मालूबाईंचा हात म्हणजे काय सांगू. चिमटीतून रेघ सुटायची ती शेवटपर्यंत कुठे जाड नाही, कुठे बारीक नाही. शाळेचं गॅदरिंग असो, कुणाचं लग्न असो, मतदानाच्या दिवशी शाळेच्या दारात शाई लावलेलं बोट काढायचं असो, माणसं आधी मालूबाईंकडे यायची. त्या पुढे आणि मी त्यांच्या काखेत. चांगले दिवस होते.

मग अकरा वर्षांपूर्वी कडूभाऊ गेले. सुतकात दारी रांगोळी काढत नाहीत हे तुम्हाला ठाऊकच आहे. आमच्याकडे तर सकाळी एखाद्याचं दार कोरडं दिसलं की शेजारचे आवाज खाली घेऊन विचारतात, कोण गेलं. तेरा दिवस मी माळ्यावर पालथा पडून होतो. ज्या माणसानं मला करून घेतलं, तो कोऱ्या फरशीवरून गेला. मालूबाईंच्या ते जिव्हारी लागलं होतं. त्यानंतर लग्नघरची माणसंही यायची बंद झाली. विधवेच्या हातची रांगोळी नको, असं तोंडावर कुणी म्हटलं नाही, पण न बोलता पुष्कळ म्हणता येतं. मालूबाई भांडल्या नाहीत. चौदाव्या दिवशी मला खाली काढलं आणि स्वतःच्या दारात काढत राहिल्या, रोज पांढरी, कडूभाऊंचे रंग फक्त सणाला.

गेल्या मार्गशीर्षात मालूबाई पहिल्यांदा मेल्या.

असं मी नाही, गल्ली म्हणते. लिव्हरचं दुखणं होतं. आता घरीच सेवा करा, असं डॉक्टरांनी निरंजनला सांगितलं होतं. निरंजन म्हणजे त्यांचा एकुलता एक मुलगा. सरकारी कचेरीत बाबू आहे, घरात कमी बोलतो. एका सकाळी मालूबाई मोरीपाशी कोसळल्या. समोरच्या कौतिककाकूंनी नाडी पाहिली, ती त्यांना सापडली नाही. गल्लीतल्या रीतिरिवाजांचा सगळा कारभार या काकूंकडे असतो. त्यांनी तोंडात तुळशीपाणी घातलं, एक हंबरडा फोडला आणि फोपनारला फोन करायला लावला.

फोपनार हे मालूबाईंचं माहेर. तिथं त्यांचे थोरले भाऊ सुपडूमामा केळीचा मळा सांभाळतात. बाई गेली की तिचं शेवटचं लुगडं माहेराहून येतं, ही आमच्याकडची रीत. सवाष्ण असेल तर हिरवं, विधवा असेल तर पांढरं. ते आल्याशिवाय तिला उचलत नाहीत. सुपडूमामा टेम्पोतून रडत आले, काखेत पांढरं लुगडं घेऊन. आणि बघतात तर बहीण भिंतीला टेकून चहा पीत बसलेली.

आता आपण चुकलो हे कबूल करतील त्या कौतिककाकू कसल्या. त्या उलट मामांवरच घसरल्या. "जित्या माणसाच्या घरात हे कापड आणलं? अक्कल आहे का नाई? जा, पह्यले तापीमायले देऊन ये. मंग बहिणीचं तोंड पाह्य."

चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, मुकाट्यानं घाटावर गेला, लुगडं नदीला दिलं आणि परत आला. मग सगळे हसले. मेल्याची खोटी बातमी उठली की आयुष्य वाढतं, असं म्हणत जो तो आपल्या घरी गेला.

मालूबाई मात्र हसल्या नाहीत. घर रिकामं झाल्यावर त्यांनी सुनेला हाक मारली. प्रतिभा ही सून, शाहपूरची. एका छोट्या शाळेत शिकवते.

"पाह्यलं का ते लुगडं?" मालूबाई म्हणाल्या. "पांढरंफटक. चाळीस वरीस रंगात हात घातले वं मी. आन् जाताना असं जाऊ?"

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मला मांडीवर घेतलं आणि स्वतःच्या जाण्याची तयारी सुरू केली. लग्नाच्या याद्या करतात ना, त्याच उत्साहानं. आधी काठी टेकत खाटेपासून गल्लीच्या तोंडापर्यंत चालल्या, कारण शववाहिनी आत येत नाही. बेचाळीस पावलं झाली. बेचाळीस पावलं रांगोळी काढायची, असं ठरलं. दोन्ही बाजूंना केळीच्या पानांची वेल, कारण जन्म फोपनारचा. मध्ये देव काढायचे नाहीत, माणसांचे पाय पडणार. मध्ये त्यांची स्वतःची चित्रं: कडूभाऊंच्या सुताच्या लडी, शाई लावलेलं बोट, अंगणात दोघं चहा प्यायचे ती कपबशी.

"आन् मावा जिलेबी काढजो, खव्याची," मालूबाई म्हणाल्या. "चार वरीस झाले, डॉक्टरनं खाऊ देली नाई. निदान तिच्यावरून तरी जाईन."

पांढरं कुणी नेसायचं नाही. जत्रेला जाताना जे घालाल ते घाला. मोठ्यानं रडायचं नाही. "कौतिक सुरू करीन, तिले पाणी देजो." आणि खांदेकऱ्यांनी रांगोळीवरूनच चालायचं. "टांगा टाकत चुकवत बसले, तं मले पाडतीन."

रोज दुपारी मागच्या खोलीत सराव चालायचा. प्रतिभाची रेघ कधी सरळ आली नाही. मालूबाई खाटेवरून म्हणायच्या, "तुया रेघेनं काय ताडी पेली का?" दोघी हसायच्या. निरंजन कचेरीतून यायच्या आत ओल्या फडक्यानं सगळं पुसलेलं असायचं.

पण प्रतिभा लोकांना भीत होती. ते मला तिच्या चिमटीतून कळायचं.

"आई, मी काढीन," ती एकदा म्हणाली. "पण लोक म्हणतील, सासू मेली म्हणून सुनेनं दिवाळी केली. माझ्याकडे साक्षीला कोण आहे? यांना तरी सांगून ठेवा."

"सांगतो ना. रविवारी त्याले सुट्टी राह्यते. रविवारी सांगतो."

असे नऊ रविवार गेले. दहाव्या रविवारच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, मालूबाई खरोखर गेल्या. या वेळी डॉक्टर येऊन बघून गेले. निरंजननं स्वतः फोपनारला फोन केला. मामा फक्त "येतो" म्हणाले.

घर माणसांनी भरलं. कौतिककाकूंनी पहिलं काम काय केलं असेल, तर कोपऱ्यातून मला उचललं. "हे पह्यले वर टाका. सुतक लागलं." मी पुन्हा माळ्यावर. खाली मालूबाई जमिनीवर निजवलेल्या, उशाशी दिवा, आणि प्रतिभा भिंतीशी बसलेली. ती वर माझ्याकडे बघत होती. मी पत्र्याचा, मला घाम येत नाही, नाहीतर आला असता. ती उठली नाही तर त्या नऊ आठवड्यांचं काहीच राहणार नव्हतं. उठली तर जन्मभराचा बट्टा. आणि खरं काय ते तिच्याशिवाय एकट्या मला माहीत होतं.

अकराच्या सुमारास ती उठली. स्टुलावर चढली, मला खाली घेतलं आणि दिव्यापाशी बसून झाकण उघडलं. तिनं हिरवा घेतला. पहिलं पान वाकडं आलं.

"काय करून राह्यली तू?" कौतिककाकू म्हणाल्या.

"आईंनी सांगितलं होतं."

"मेलेल्या माणसाच्या नावावर काईबी सांगता येतं. सुतकात रांगोळी? म्हातारी मेल्याचं दुःख नाई माय, पण काळ सोकावतो."

म्हण बरोबर होती, पण समोर खरोखरची म्हातारी निजली होती. दोन-तीन बायकांनी तोंडाला पदर लावला. काकूंनाही ते कळलं असावं, कारण पुढचं वाक्य त्यांनी गिळलं.

निरंजन दारातून आत आला. त्यानं प्रतिभाचं मनगट धरलं. जोरात नाही, पण धरलं.

"पागल झाली का तू? लोकं पाहून राहिलेत."

"आईंनी मला दोन महिने शिकवलं हे. रोज दुपारी."

"मला का नाही बोलली मग ती?"

"रविवारी सांगणार होत्या."

"उद्या रविवार आहे," निरंजन म्हणाला.

प्रतिभाच्या मुठीतला हिरवा फरशीवर गळत होता. ती हळू आवाजात म्हणाली, "अहो, तुम्ही सोडा म्हटलं तर मी सोडते. पण मग त्यांना कोऱ्या फरशीवरून न्यावं लागेल. आणि मी काढत राहिले तर लोक तुमच्या बायकोला नावं ठेवतील. दोन्हींतलं काय सोसवेल ते सांगा."

त्यानं मनगट सोडलं. हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. पुरुषांना घेऊन मागच्या मोकळ्या जागेत निघून गेला, जिथं बांबू बांधायचं चाललं होतं. मला त्याचा राग आला. माणसानं एक काहीतरी बोलावं.

ती काढत राहिली. उंबरा, ओटा, पायऱ्या. शेजारच्या वंदनाला रंगीत नेसायचा निरोप तिनं गल्लीभर द्यायला सांगितला होता. वंदना परत आली ती पिवळ्या साडीत, आणि न बोलता माझ्यातली हिरव्याची वाटी उचलून दुसऱ्या बाजूनं पानं काढायला बसली. हळूहळू निम्म्या बायका साड्या बदलून आल्या. उरलेल्या निम्म्या पांढऱ्यात, कौतिककाकूंच्या मागे, आतल्या खोलीत बसल्या. मोठ्यानं कुणी रडत नव्हतं. अडीच वाजेपर्यंत रांगोळी गल्लीच्या तोंडाला पोचली. रेघा वाकड्या होत्या, जिलेबीचं वेटोळं तर फारच बिघडलं होतं. पण रंग माझे होते. खोटं कशाला बोलू, मला अभिमान वाटला.

आता फक्त माहेरचं लुगडं यायचं होतं.

तीन वाजले. फोपनार काही काशीला नाही, तासाभराची वाट. साडेतीन झाले, मग चार. मामांचा फोन घरीच राहिला होता, तो मामी उचलत होत्या आणि "दीडले निघले ना" एवढंच सांगत होत्या. टेम्पो चालवणारा त्यांचा पुतण्या दगा, त्याला निरंजन ओट्यावर उभा राहून फोन लावत होता. मी त्याच्या पायाशी होतो. चौथ्या खेपेला दगानं उचलला.

"कुठं आहे रे तुम्ही?"

"मार्केटमधी. येऊनच राह्यलो, टेन्शन नका घेऊ, दादा." मागं गर्दीचा आवाज होता आणि त्यात सुपडूमामांचं हसणं मला स्वच्छ ऐकू आलं. निरंजनलाही आलं. त्याचा चेहरा उतरला. फोन कट झाला.

"मामा हसून राहिलेत," तो कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाला.

कौतिककाकू दारात आल्या. "हसतीन नाई तं काय. ते आले असतीन, हा तमाशा पाह्यला असंन, आन् वापस गेले असतीन. माहेर रुसलं, आता उचलता कशी? दिवस बुडाला तं रातभर ठेवा लागते." मग प्रतिभाकडे बोट. "हे हिनं केलं."

प्रतिभा पायरीवर बसली होती. हातांना कोपरापर्यंत सात रंग लागलेले. तिनं मान वर केली नाही. ऊन ओट्यावरून खाली उतरायला लागलं होतं. कुणीतरी म्हणालं, रांगोळी पुसून टाका, मग येतील. एका बाईनं केरसुणी आणलीसुद्धा. निरंजननं ती तिच्या हातातून घेतली. मी म्हटलं, संपलं आता. पण तो केरसुणी हातात घेऊन नुसता उभा राहिला. पुसेना आणि ठेवेना.

पाच वाजून गेले होते तेव्हा गल्लीच्या तोंडाशी हाक ऐकू आली.

"काय वं मालू, पुन्हा फसवलं ना आमाले."

सुपडूमामा. एका हातात मिठाईचा खोका, दुसऱ्या हातात कापडाच्या दुकानाची पिशवी. रांगोळीवर पाय पडू नये म्हणून भिंतीला अंग घासत, हसत येत होते. डोळ्यांत पाणी होतं, पण ते वेगळं पाणी. गल्ली नुसती बघत राहिली. कुणीतरी पुढे होऊन त्यांना थांबवायला हवं होतं. मी डबा, मी काय करणार. पण ज्यांना पाय होते तेही हलले नाहीत.

ते ओट्यावर चढले. "कुठं आहे? आत आहे का? म्हटलं खाली हात कसं यावं, जिलेबी..." आणि दारातून त्यांना दिवा दिसला.

खोका हातातून सुटला नाही. त्यांनी तो हळूच माझ्या शेजारी ठेवला, पिशवी त्यावर ठेवली आणि उंबऱ्यात बसले.

काय झालं होतं, ते मागून आलेल्या दगानं तुटक तुटक सांगितलं. पावणेतीनला ते आले होते. टेम्पो बाहेर थांबवून मामा लुगडं काखेत घेऊन एकटेच गल्लीत शिरले. बघतात तर बहिणीच्या दारापासून त्यांच्या पायापर्यंत रांगोळी. बायका पाठमोऱ्या, रंगीत साड्यांत. पुरुष सगळे मागं, त्यामुळे एकही दिसला नाही. रडण्याचा आवाज नाही. सुतकाच्या घरी रांगोळी कोण काढतं? आणि असे रंग मालूशिवाय कुणाकडे आहेत? मार्गशीर्षासारखीच खोटी बातमी, असं मामांनी धरलं. जित्या माणसाच्या घरात ते कापड न्यायचं नाही, हे काकूंचं बोलणं त्यांच्या पक्कं ध्यानात होतं. ते तसेच मागे फिरले. तापीवर जाऊन लुगडं सोडलं, अंघोळ केली, मारुतीला नारळ फोडला. मग बाजारात जाऊन गरम जिलेबी घेतली आणि वाचलेल्या बहिणीला नेसायला साडी घेतली.

दगाचं संपलं तेव्हा प्रतिभा मामांसमोर येऊन उभी राहिली होती.

"मामा, रांगोळी मी काढली," ती म्हणाली. "माझी चूक झाली. माझ्यामुळे तुम्हाला..."

मामा तिच्या रंगलेल्या हातांकडे बघत राहिले.

"तू काढली?" मामा म्हणाले. "मले वाटलं मालूनं." मग थांबून म्हणाले, "अडीच घंटे माही बहीण जिती होती पोरी. सकाळी फोन आला तवा मेली होती. मंग अडीच घंटे जिती होती. मी बाजारात तिच्यासाठी रंग निवडून राह्यलो होतो. दुकानदारानं विचारलं, कोणासाठी. म्या सांगितलं, बहिणीसाठी, जांभळा तिले आवडते." त्यांनी आपलं उपरणं समजून प्रतिभाच्या साडीचा पदर हातात घेतला आणि डोळे पुसले. "हे तुयामुळं भेटलं मले. चूक काय झाली?"

प्रतिभा तेव्हा रडली. दिवसभरात पहिल्यांदा.

सूर्य कलला होता. पांढरं लुगडं तापीत गेलेलं. एक म्हातारी हळूच म्हणाली, कुणाला तरी दुकानात पाठवा. मामांनी पिशवीतून साडी काढली. जांभळी, हिरव्या काठाची.

"विधवेले हा रंग?" कौतिककाकू म्हणाल्या. पण आवाजात दम नव्हता.

"माहेरचं कापड माहेर आणते," मामा म्हणाले. "म्या हे आणलं."

सगळे निरंजनकडे बघायला लागले. केरसुणी अजून त्याच्या हातात होती. त्यानं ती भिंतीला टेकवली, चपला काढल्या.

"नेसवा," तो म्हणाला.

मालूबाई बेचाळीस पावलं रांगोळीवरून गेल्या. निरंजन पुढच्या खांद्याला होता आणि तो चुकवत चालला नाही. केळीची पानं, लडी, बोट, सगळं पायांखाली एक झालं. जिलेबीपाशी मामा क्षणभर थांबले, मग तेही तिच्यावरून गेले. शववाहिनी निघाली तेव्हा चौघा खांदेकऱ्यांचे तळपाय रंगलेले होते. घाटावरून परत आल्यावर ते रंग धुऊनही लवकर निघाले नाहीत म्हणतात. ते मी पाहिलं नाही. मी ओट्यावर होतो, झाकण उघडं, वाट्या जवळजवळ रिकाम्या.

आता माझं सांगायचं तर मी रिकामा आहे. रंग संपले, आणि तसे रंग आता होत नाहीत. तेरा दिवस मी माळ्यावर नव्हतो, एवढी सुधारणा. लोकांनी नावं ठेवायची ती ठेवलीच. शाहपूरपर्यंत गेली म्हणतात. दहाव्याला कौतिककाकू प्रतिभाला एकटी गाठून बसल्या, इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, "त्या पानांची वेल काढायले किती टाइम लागते वं? नाई, सहज विचारलं. माही सून तं काई काढणार नाई." प्रतिभा म्हणाली, लाल रंग आवडतो ना तुम्हाला. काकू म्हणाल्या, गुलाबी. आणि उठून गेल्या.

पण निरंजन अजून प्रतिभाशी नीट बोलत नाही. भांडत नाही. जेवतो, कचेरीत जातो, विचारलं तेवढं उत्तर देतो. काल संध्याकाळी तो मला घेऊन ओट्यावर बसला होता. जांभळ्याच्या वाटीच्या तळाशी चिमूटभर उरलंय, त्यात बोट फिरवत. प्रतिभा चहा घेऊन आली.

"तुला सगळं सांगितलं तिनं," तो म्हणाला. "जिलेबीसुद्धा. मी मुलगा ना तिचा. मला एक शब्द नाही."

"रविवारी सांगणार होत्या."

"हे तू म्हणतेस."

"हो," प्रतिभा म्हणाली. "मीच म्हणते." आणि कप ठेवून आत गेली.

एक गोष्ट मी तुम्हाला आतापर्यंत सांगितली नाही. प्रतिभा दुपारी कपडे वाळत घालायला गच्चीवर जायची, तेव्हा खोलीत मालूबाई आणि मी असे दोघंच असायचो. मला मांडीवर घेऊन त्या माझ्याशी बोलायच्या. माझ्याशी म्हणजे, मला निरंजन समजून. "निरू, बस जरा. तुले एक सांगायचं होतं. घाबरू नको." मग थांबायच्या, डोकं हलवायच्या, पुन्हा पहिल्यापासून. "निरू, मी आता जाईन, तं असं कर..." एकदा त्यांनी पूर्ण म्हणून दाखवलं, दार ते शववाहिनी सगळं, आणि शेवटी म्हणाल्या, "पुढच्या खांद्याले तू राह्यजो. तुही चाल मले लहानपणापासून ओळखीची आहे." मग रविवार यायचा. निरंजन पेपर घेऊन समोर बसायचा. त्या त्याच्याकडे बघायच्या, तोंड उघडायच्या आणि विचारायच्या, "जेवला का रे?" नऊ रविवार. ज्याला सगळ्यांत आधी सांगायचं, त्यालाच सांगता आलं नाही, कारण त्याला सांगितलं की जाणं खरं झालं असतं. मला तरी असंच वाटतं.

हे प्रतिभाला माहीत नाही. निरंजनला माहीत नाही. मला माहीत आहे, आणि मी काल त्याच्या मांडीवर तासभर होतो.

तुमची कुणाची त्या गल्लीत ओळख असेल तर त्याला एवढा निरोप द्या. नसेल तर निदान तुमच्या घरात जे कुणाला सांगायचं राहिलंय, ते सांगून टाका. रविवारची वाट बघू नका. झाकण मला आहे. तुम्हाला ते कशाला हवं?